तालुक्यातला हार्ट अटॅक वेळेत कॅथलॅबपर्यंत: पुणे जिल्ह्यासारख्या भागात नेटवर्क कसं उभं करायचं

हे लिहितेय ते तालुक्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी, अँब्युलन्सवाल्यांसाठी, आणि शहरातल्या ज्या हॉस्पिटलना खरंच वाटतं की आसपासच्या शंभर किलोमीटरमधला अटॅकचा पेशंट जगला पाहिजे, त्यांच्यासाठी. मी आधी जुन्नरच्या बाजूला मेडिकल ऑफिसर होते, आता पुण्यात कार्डियाक इमर्जन्सीचं कोऑर्डिनेशन बघते, म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना बसून झालंय.

टोमॅटोच्या सीझनमधली एक रात्र सांगते. नारायणगावच्या मार्केटला माल टाकून घरी आलेले एक काका, पन्नाशीचे, पहाटे पावणेतीनला आमच्याकडे आले. छातीत दाबल्यासारखं होतंय, पित्त झालं असेल म्हणून दीड तास सोडा पिऊन घरीच बसलेले. ईसीजी काढला तर खालच्या तिन्ही लीडमध्ये एसटी हा आलेखाचा भाग वर उचललेला, म्हणजे सरळ अटॅक, शिकाऊ माणसालाही कळेल असा. आणि पुढची पन्नास मिनिटं मी नुसती फोनवर होते. पहिल्या ठिकाणी आयसीयू फुल, दुसऱ्यांनी ईसीजीचा फोटो मागितला, त्या गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटची चकाकी आली म्हणून परत काढायला लावला, तिसऱ्यांनी डिपॉझिटचं विचारलं, चौथे म्हणाले पाठवा. या सगळ्या वेळात आमच्या कपाटात गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज होतं आणि मी ते दिलं नाही, कारण पुढे पाठवायचंच आहे तर तिथले काय ते बघतील असं डोक्यात. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं, आणि वीस किलोचा क्रेट उचलणारा माणूस जिना चढताना थांबायला लागला.

त्या रात्री डॉक्टर होता, औषध होतं, गाडी मिळाली, पुण्यात कॅथलॅबही, म्हणजे वायर घालून बंद वाहिनी उघडायच्या खोल्याही, होत्या. फक्त कुणी कधी काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. नेटवर्क म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच, की पहाटे तीनला घ्यावे लागणारे सगळे निर्णय दुपारी तीनला, शांत डोक्याने, सगळ्यांनी मिळून घेऊन ठेवायचे. मशीन, ॲप, एमओयू (करार) हे सगळं त्याच्या नंतर.

पायरी १: घड्याळ सगळ्यांना पाठ पाहिजे

इथे बोलतोय ते स्टेमीबद्दल, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झालेला अटॅक. वाहिनी बंद आहे तोवर पुढचा स्नायू मरत राहतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. आकडे चारच आहेत, भिंतीवर लिहा. पेशंट समोर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी. पेशंट थेट कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलला आला असेल तर ९० मिनिटांत बंद वाहिनी उघडलेली पाहिजे. दुसरीकडून पाठवायचा असेल तर पहिल्या डॉक्टरला भेटल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत सगळं धरून १२० मिनिटं. आणि हे १२० मध्ये बसणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच, ३० मिनिटांच्या आत, अर्थात त्रास सुरू होऊन १२ तास झालेले नसतील तर. पहिल्या दोन-तीन तासांत हे इंजेक्शन सगळ्यात चांगलं काम करतं, गुठळी जुनी होत जाते तसा त्याचा जोर कमी होतो.

१२० मोजायला सुरुवात कुठून, यावर सगळीकडे घोळ असतो. गाडी निघाल्यापासून मोजायचं नाही, पेशंट तुमच्या दारात आला तेव्हापासून मोजायचं.

पायरी २: नकाशा किलोमीटरचा नको, मिनिटांचा हवा

या पायरीला दोन आठवडे द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मोठा खाजगी दवाखाना धरा आणि तिथून कॅथलॅबपर्यंत प्रत्यक्ष गाडीने जाऊन वेळ लिहा. मॅपवरचा वेळ चालणार नाही. एकदा पहाटे, एकदा सोमवारी सकाळी, एकदा शनिवारी संध्याकाळी. नाशिक रोडला चाकणला कंपन्यांची शिफ्ट सुटल्यावर काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मंचरचं उदाहरण घेऊ, पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर. ईसीजी १० मिनिटं, निर्णय ५, गाडी येईपर्यंत २०, पेशंट चढवून कागद देऊन निघेपर्यंत १०, रस्ता रात्रीचा ७० आणि दिवसा दीड तास, कॅथलॅबच्या दारापासून वाहिनी उघडणारी वायर आत जाईपर्यंत टीम तयार उभी असली तरी ३०. रात्रीची बेरीज १४५, दिवसाची १६५. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी १२० मध्ये बसत नाही, मग मंचरला रोज रात्री नव्याने विचार करायची गरजच काय, मंचर म्हणजे इंजेक्शन तिथेच आणि मग पुढे, विषय संपला. अशी बेरीज प्रत्येक ठिकाणाची करा आणि तीन रंग द्या. हिरवा म्हणजे थेट कॅथलॅब, शहर आणि लगतचा भाग. लाल म्हणजे इंजेक्शन आधी: जुन्नर, आंबेगाव, वेल्हे, भोरचा घाटाकडचा भाग, इंदापूर. मधला पिवळा पट्टा त्रासदायक, शिरूर, दौंड, सासवडसारखी ठिकाणं, जिथे वेळेवर अवलंबून आहे. तिथे नियम असा करा की गाडी दारात उभी असेल आणि रस्ता मोकळा असेल तर थेट, नाहीतर इंजेक्शन.

नकाशाला कॅलेंडर पण जोडा. पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी सासवडचा नेहमीचा रस्ता नाही. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड भरलेले असतात, त्या दोन दिवसांसाठी पेठांच्या आतली आणि बाहेरची हॉस्पिटलं वेगळी वाटून ठेवा. पावसाळ्यात वरंधा घाटाचा भरवसा धरू नका. आणि जिल्ह्याची हद्द पेशंटच्या हृदयाला माहीत नसते, आळेफाट्याच्या वरच्या गावांना संगमनेर जवळ पडतं, इंदापूरवाल्यांना पुण्यापेक्षा बारामती कितीतरी जवळ आहे. तिकडे कॅथलॅब रात्री खरंच चालू असते का एवढी खात्री करा आणि मग सरळ तिकडे पाठवा.

पायरी ३: हबकडून लेखी काय घ्यायचं

पुण्यात ससून आहे, पिंपरीला वायसीएम आहे, खाजगी कॅथलॅब तर भरपूर आहेत, अडचण संख्येची नाहीच. अडचण ही की रात्री दोनला नक्की कोण घेणार. हब, म्हणजे आसपासच्या केंद्रांचे पेशंट घेणारं कॅथलॅबचं हॉस्पिटल, त्यालाच म्हणा जे या गोष्टी मान्य करतं: वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास, रात्री बोलावल्यावर टीम अर्ध्या तासात कॅथलॅबच्या टेबलापाशी, आणि स्टेमीला नकार नाही, आयसीयू फुल असला तरी नाही. बेड नाही हे कारण इथे मला अजिबात पटत नाही. पेशंटला आधी टेबल लागतं, बेड तासाभराने लागतो, तो तास बेड शोधायला वापरा, नाहीच मिळाला तर वाहिनी उघडून मग दुसरीकडे हलवा.

पैशांचं पण आत्ताच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते हॉस्पिटल योजनेत आणि त्यातही हृदयरोगासाठी आहे का ते आधी बघा. तातडीच्या केसला फोनवरून कळवून सुरुवात करता येते आणि रेशनकार्ड, आधार मागून येऊ शकतं. हे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला माहीत असतं, रात्री काउंटरला बसलेल्या मुलाला माहीत नसतं, म्हणून त्या मुलालाही ट्रेनिंगला बसवा.

प्रत्येक तालुक्याला एक पहिला हब आणि एक राखीव. दोनच. पाच नावांची यादी दिली की परत फोनाफोनी सुरू.

पायरी ४: तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी आणि डबा

लोक येऊन काय म्हणतात ते केसपेपर खिडकीवाल्यालासुद्धा कळलं पाहिजे. फार कमी जण छातीत दुखतंय म्हणतात. छाती भरून आलीय, जीव घाबरा झालाय, दरदरून घाम फुटला, गॅस वर चढलाय, डावा हात बधिर झालाय, जबडा धरल्यासारखा वाटतोय, असं म्हणतात. शुगरवाले आणि बायका तर कित्येकदा नुसतं थकल्यासारखं होतंय, धाप लागतेय म्हणून येतात आणि बाटली लावून घरी जातात. तिशीच्या पुढचा माणूस यातलं काही बोलला की केसपेपर नंतर, ईसीजी आधी. ईसीजी सिस्टरने काढायचा, डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही.

मशीनच्या ट्रेमध्ये रेझर आणि जेल ठेवा, छातीवर केस असले की ईसीजीचे रबरी बल्ब चिकटत नाहीत आणि रेझर शोधण्यात पाच मिनिटं जातात. खालच्या लीडमध्ये बदल दिसला तर उजव्या बाजूचा व्ही-४ पण काढा, कारण उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने बीपी एकदम कोसळतं. आपल्याकडे छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट ही सवय झालीय, ती मोडायला हवी, बीपी आणि ईसीजी बघितल्याशिवाय नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच आहे तर दर १५-२० मिनिटांनी परत. ट्रोपोनिनच्या (अटॅकच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी स्टेमीचा पेशंट थांबवायचा नाही, ईसीजी बोलतोय ना मग झालं.

डब्यात काय: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, हिपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन, सिरिंजा, आणि एका पानाची चेकलिस्ट. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्यायचं. क्लोपिडोग्रेल पंचाहत्तरीच्या आत ३०० मिलिग्रॅम, पुढे फक्त ७५. ऑक्सिजन सरसकट नको, सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. आणि डबा स्टोअरमध्ये नको. मी अशी जागा बघितलीय जिथे टेनेक्टेप्लेज होतं, पण कुलपात, आणि किल्ली संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसाच्या खिशात. डबा कॅज्युअल्टीत, ईसीजी मशीनच्या शेजारी, साध्या प्लास्टिकच्या सीलने बंद, सील तुटलं की दुसऱ्या दिवशी भरायचा. एक्सपायरी दर महिन्याच्या १ तारखेला बघायची आणि तपासणाऱ्याने झाकणावर सही करायची.

पायरी ५: ईसीजी कोण वाचणार

पन्नास जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सगळे बघतात, कुणीच उत्तर देत नाही, मध्येच कुणीतरी गुड मॉर्निंग टाकतं. एकच नंबर, ज्यावर ड्युटीचा माणूस बसलेला आहे. राज्याच्या स्टेमी महाराष्ट्र प्रकल्पात ईसीजी लांबच्या तज्ज्ञांकडे जाऊन वाचून परत येतो, तुमचं केंद्र त्यात असेल तर तेच वापरा, दुसरी समांतर यंत्रणा कशाला. नसेल तर साधा फोन चालतो, फक्त कागद टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, ट्यूबलाइटकडे पाठ करून सरळ वरून फोटो, आणि सोबत वय, त्रास कधी सुरू झाला, बीपी, एवढं टाइप करा. उत्तर पाच मिनिटांत यायला हवं. नाही आलं आणि ईसीजी स्पष्ट आहे तर तिथल्या डॉक्टरने स्वतः निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयामागे हबने उभं राहायचं, हे वाक्य करारात जसंच्या तसं टाका. तालुक्यातला डॉक्टर घाबरतो तो औषधाला नाही, नंतर कुणी बोलेल याला.

पायरी ६: इंजेक्शन

गुठळीचं इंजेक्शन म्हणजे गरिबाची ट्रीटमेंट आणि अँजिओप्लास्टी म्हणजे खरी, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. २०१३ साली आलेल्या स्ट्रीम अभ्यासात तीन तासांच्या आत आलेल्या आणि तासाभरात अँजिओप्लास्टी होणार नव्हती अशा पेशंटांना टेनेक्टेप्लेज देऊन मग पुढे नेलं, आणि महिन्याभरानंतरचा निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या जवळपास सारखाच आला. तामिळनाडूत तर आपल्यासारख्याच परिस्थितीत, छोटी केंद्रं मोठ्या हॉस्पिटलना जोडून काम केलं, २,४२० पेशंट, आणि वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आलं, २०१७ मध्ये ते छापून आलंय.

देण्याआधी चेकलिस्ट मोठ्याने वाचा: पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव, अलीकडे पॅरालिसिसचा झटका, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, कुठून चालू रक्तस्राव, पाठीत फाटल्यासारखं दुखणं आणि दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक. यातलं एक जरी हो आलं तर आधी फोन. बीपी १८० च्या वर असेल तर आधी खाली आणा. टेनेक्टेप्लेज वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, मग दर दहा किलोला ५ वाढवत ९० किलो आणि पुढे ५०, एकाच झटक्यात शिरेतून. पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा डोस, त्याच स्ट्रीममध्ये वयस्कर लोकांच्या मेंदूत रक्तस्राव दिसल्यावर मध्येच डोस निम्मा केला होता, म्हणून हे विसरायचं नाही. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत ड्रिपने, बीपी खाली येतं, बाजूला उभं राहा. आधी कधी दिलेलं असेल तर परत नाही.

नातेवाइकांशी बोलायला दोन मिनिटं पुरतात. मी असं बोलते: "दादा, वडिलांच्या हृदयाची नळी बंद पडलीय. पुण्याला पोहोचून उघडेपर्यंत उशीर होईल, म्हणून नळी उघडायचं इंजेक्शन आत्ता इथेच देतोय. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, पण नाही दिलं तर धोका त्याहून खूप मोठा आहे. देऊन लगेच गाडीत घालतोय." बहुतेक लोक एकच विचारतात, "मॅडम, तुमचा माणूस असता तर दिलं असतं का?" हो म्हणायचं, कारण ते खरं आहे.

आणि इंजेक्शन देऊन बसून राहायचं नाही, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्ट्रीममध्ये ३६ टक्के लोकांना इंजेक्शननंतरही तातडीने अँजिओग्राफी लागली. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजीत उचललेला एसटी निम्म्याहून खाली आला नाही तर वाहिनी उघडलेली नाही, थेट टेबलावर घ्यावं लागतं, आणि तेव्हा पेशंट हबच्या दारात असला पाहिजे, तुमच्या वॉर्डात नाही. उघडली असेल तरी अँजिओग्राफी २ ते २४ तासांच्या दरम्यान करायचीच.

पायरी ७: गाडी

ईसीजी पॉझिटिव्ह दिसला त्याच क्षणी १०८ ला फोन, इंजेक्शन भरत असताना गाडी रस्त्यात पाहिजे. १०८ सेवा आपल्याकडे २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि त्यातल्या ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या २३३ होत्या, म्हणजे साधारण चारात एक. म्हणून फोनवर स्पष्ट सांगा, स्टेमी आहे, डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) असलेली गाडी हवी. ती खूप लांब असेल तर जवळची घ्या पण तुमचा डीफिब्रिलेटर आणि तो चालवू शकणारा माणूस सोबत द्या. पॅड निघतानाच छातीला लावा. धावत्या गाडीत, खेडच्या पुढच्या खड्ड्यांत, हृदय थरथरायला लागल्यावर पॅडचं पाकीट फोडत बसायला वेळ नसतो.

पेशंट तुमच्या दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत ३० मिनिटं हे ध्येय. मूळ ईसीजी सोबत, झेरॉक्स तुमच्याकडे. इंजेक्शनची वेळ चिकटपट्टीवर मार्करने लिहून पेशंटच्या हातावरच चिकटवा, कागद गाडीत राहतो, हात राहत नाही. एक नातेवाईक गाडीत, बाकीच्यांना सांगा गाडीच्या मागे रेस लावू नका. चाकण ओलांडलं की हबला दुसरा फोन.

पायरी ८: हबच्या आत

एका फोनवर सगळी टीम उठली पाहिजे आणि तो फोन कॅज्युअल्टीच्या ड्युटी डॉक्टरला करता आला पाहिजे, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय. कधी कधी टीम येईल आणि अटॅक नसेल. चालेल. त्या दिवशी त्या पोराला ओरडलात तर पुढच्या वेळी तो दहा मिनिटं विचार करेल. गाडी आल्यावर पेशंट कॅज्युअल्टीच्या कॉटवर उतरवायचा नाही, स्ट्रेचर थेट लिफ्टकडे.

पायरी ९: वेळा लिहा आणि परत सांगा

एक पान: त्रास सुरू, आगमन, ईसीजी, निर्णय, इंजेक्शन, गाडीला फोन, गाडी आली, निघाली, हबचं दार, वायर. आधी सगळीकडची घड्याळं जुळवा, आमच्या एका केंद्राचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं आणि तीन महिने ते केंद्र सगळ्यात स्लो दिसत होतं, बिचारे उगाच बोलणी खात होते. वेळा फोनवरच्याच धरा. सरासरी काढू नका, मधली किंमत बघा, एखादा चार तासांचा पेशंट सगळी सरासरी बिघडवतो. आणि ज्यांना ना इंजेक्शन मिळालं ना अँजिओप्लास्टी, त्यांची वेगळी यादी ठेवा, खरी गळती तिथे सापडते.

पाठवणाऱ्या डॉक्टरला दोन दिवसांत फोन गेला पाहिजे, कुठली वाहिनी होती, काय केलं, पेशंट कसा आहे. मी जुन्नरला होते तेव्हा पाठवलेल्यांपैकी कितीतरी लोकांचं पुढे काय झालं मला कधीच कळलं नाही, त्यातून शिकणार कशी. महिन्याची मीटिंग पुण्यात न घेता कधी राजगुरुनगरला, कधी मंचरला घ्या, आणि सिस्टर आणि ड्रायव्हरना पण बोलवा, रस्त्याचं खरं तेच सांगतात.

गावातलं काम यासोबत चालू द्या. आशाताई, दूध डेअरी, हरिनाम सप्ताहाचा मांडव, जिथे माणसं जमतात तिथे तीनच गोष्टी सांगा: छाती भरून आली की पित्ताचं औषध घेऊन वाट बघायची नाही, मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही, १०८ लावायचा.

सुरुवात किती मोठी

एक हब, तीन केंद्रं, तीन महिने. पण पहिला पेशंट घ्यायच्या आधी एक खोटा पेशंट घ्या, पहाटे तीन वाजता, मोजक्या दोन माणसांशिवाय कुणालाही न सांगता. आम्ही केलं होतं. ईसीजी आठ मिनिटांत झाला, डबा जागेवर होता, हबने पहिल्या रिंगला फोन उचलला. गाडी मात्र नऊ मिनिटं बाहेर उभी राहिली, कारण गेटला कुलूप होतं आणि वॉचमन मागच्या शेडमध्ये झोपलेला. आता त्या गेटची एक किल्ली डब्यात असते.